ठोक्याआधीचा करंट : हृदयातल्या विजेविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

हृदयाचा प्रत्येक ठोका आधी विजेचा असतो, मग स्नायूचा. स्नायू आवळण्याच्या काही सहस्रांश सेकंद आधी त्याच्या पेशींमधून विजेची लाट सरकून गेलेली असते. ती गेली नाही, तर स्नायू कितीही धडधाकट असला तरी जागचा हलत नाही. दिवसाला सुमारे एक लाख वेळा हे घडते. ही वीज शरीरातल्या क्षारांवर चालते, त्यामुळे तिच्याविषयीचे गैरसमज पुस्तकापुरते राहत नाहीत. जळगाव-धुळ्याकडे केळी पिकतात आणि रोज खाल्लीही जातात, मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि रात्रीच्या लाइटवर शेताला पाणी द्यावे लागते. अशा ठिकाणी चुकीची समजूत थेट जिवावर बेतू शकते.

गैरसमज : हृदयातली वीज तारेतल्या विजेसारखीच असते

दीपनगरच्या औष्णिक केंद्रातून निघालेली वीज तारेतून वाहते ती इलेक्ट्रॉनांच्या रूपाने. हृदयात तार नाही आणि इलेक्ट्रॉनांचा असा प्रवाहही नाही. तिथे सरकतात ते आयन, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे विद्युतभारित कण. त्यांतले तीन महत्त्वाचे : सोडियम, पोटॅशियम आणि कॅल्शियम. तिघांवरही धनभार असतो. हे कण लांबचा पल्ला गाठत नाहीत. पेशीच्या अतिशय पातळ आवरणातून आत किंवा बाहेर, एवढीच त्यांची ये-जा. एक पेशी अशी उत्तेजित झाली की दोघींमधल्या सूक्ष्म जोडमार्गांतून शेजारची पेशीही उत्तेजित होते आणि लाट पुढे जाते.

या सगळ्याच्या मुळाशी आहे तो आत-बाहेरचा फरक. पेशीबाहेरच्या द्रवात सोडियम लिटरमागे सुमारे १४० मिलिमोल असते, तर आत जेमतेम १०. पोटॅशियमचे नेमके उलटे : आत सुमारे १४०, बाहेर फक्त ४. कॅल्शियमचा फरक तर सर्वांत मोठा, बाहेर आतल्यापेक्षा जवळजवळ दहा हजार पट. हतनूर धरणात तापीचे पाणी अडवून ठेवावे आणि दरवाजा उचलताच ते आपसूक खाली धावावे, तसे हे आयन आवरणातली आपापली दारे उघडताच जास्तीकडून कमीकडे धावतात. फरक टिकवण्याचे काम आवरणातले पंप करतात. सोडियम-पोटॅशियम पंप एका फेरीत तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. यासाठी त्याला सतत ऊर्जा लागते. हा पंप डेन्मार्कच्या येन्स स्कू यांनी १९५७ मध्ये शोधला आणि १९९७ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

विसावलेल्या पेशीतून थोडे पोटॅशियम सतत बाहेर झिरपते, म्हणून पेशीची आतली बाजू बाहेरच्या तुलनेत सुमारे ९० मिलिव्होल्ट ऋण राहते. लाट येऊन पोहोचली की सोडियमची दारे उघडतात आणि एक-दोन सहस्रांश सेकंदात आतली बाजू धन होते. एखाद्या चेतातंतूत खेळ इथेच संपला असता. हृदयाच्या स्नायूपेशीत मात्र आता कॅल्शियमची दारे उघडतात आणि जवळजवळ पाव सेकंद पेशी त्याच अवस्थेत थांबून राहते. आत आलेले हे थोडेसे कॅल्शियम पेशीच्या कोठारातले पुष्कळ कॅल्शियम मोकळे करते आणि त्यानेच स्नायू आवळतो. मग पोटॅशियम बाहेर पडते आणि पेशी पूर्ववत होते.

हा पाव सेकंदाचा थांबा फार मोलाचा आहे. तेवढ्या वेळात पेशी दुसरा इशारा घेतच नाही. पोटरीत गोळा येतो तसा हृदयाच्या स्नायूत कधी येत नाही, ते यामुळेच. आवळल्यावर सैल पडणे त्याला भागच असते, आणि सैल पडल्याशिवाय त्यात रक्त भरणार नाही.

गैरसमज : हृदय मेंदूच्या हुकमाने चालते

शरीराबाहेर काढलेले बेडकाचे हृदय योग्य द्रावणात ठेवले तर बराच वेळ धडधडत राहते. मेंदूशी त्याचा संबंध तुटलेला असतो. १८८२-८३ मध्ये लंडनच्या सिडनी रिंगर यांनी हे द्रावण नेमके कसे हवे ते शोधले. आधी त्यांना वाटले की मिठाच्या द्रावणात थोडे पोटॅशियम असले की पुरते. पण द्रावण नळाच्या पाण्यात बनवले होते. शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी वापरताच हृदय मंदावून थांबले. नळाच्या पाण्यातले कॅल्शियम नकळत काम करत होते, हे त्यांनी पुढच्या वर्षी प्रसिद्ध केले. गावोगावच्या दवाखान्यांत टांगलेली ‘आरएल’ची बाटली याच द्रावणाची वंशज आहे. आर म्हणजे रिंगर. तिच्यात सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम असते, साखर नसते. ‘ताकदीसाठी सलाइन’ मागणाऱ्याला तिच्यातून ताकद मिळण्यासारखे फारसे काही नसते.

हृदयाचा स्वतःचा ताल ठरतो उजव्या अलिंदाच्या (हृदयाच्या वरच्या कप्प्याच्या) वरच्या भागातल्या सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांबीच्या पेशीपुंजात. १९०७ मध्ये आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी तो दाखवून दिला. इथल्या पेशी कधी स्वस्थ बसतच नाहीत. एक ठोका संपून आतला विद्युतदाब उणे ६० मिलिव्होल्टच्या आसपास आला की काही विशेष दारे उघडतात आणि सोडियम हळूहळू आत झिरपू लागते. दाब उणे ४० पर्यंत चढला की कॅल्शियमची दारे उघडतात आणि पुढचा ठोका सुटतो. हा झिरपता प्रवाह १९७९ मध्ये ऑक्सफर्डमध्ये हिलरी ब्राउन, दारिओ दिफ्रान्चेस्को आणि डेनिस नोबल यांनी वर्णिला. इतर दारे ज्या दाबाला मिटतात त्याला ही उघडतात, म्हणून त्याचे नावच ‘फनी करंट’ पडले. ठोके कमी करण्यासाठी दिले जाणारे आयव्हाब्राडिन हे औषध नेमकी हीच दारे अडवते.

मेंदूचा वाटा आहे, पण तो लगाम आणि टाच एवढाच. तरुण माणसाच्या हृदयाचा स्वतःचा वेग मिनिटाला शंभराच्या आसपास असतो. व्हेगस ही नस तो विश्रांतीत सत्तरपर्यंत खाली ओढते. भीती, श्रम, ताप यांत तो वाढतो. प्रत्यारोपित हृदयाला सुरुवातीला कोणतीच नस जोडलेली नसते, तरी ते मिनिटाला ९० ते ११० ठोके देत राहते.

गैरसमज : ईसीजी काढताना अंगात करंट सोडतात

ही भीती अनेक ज्येष्ठांना असते. चिमटे, वायर, थंडगार जेली पाहून ती वाटणे साहजिक आहे. ईसीजीचे यंत्र अंगात काहीही सोडत नाही, फक्त ऐकते. हृदयातल्या लाटेचा त्वचेपर्यंत पोहोचणारा अंश साधारण एक मिलिव्होल्ट असतो, तो मोठा करून कागदावर उतरवला जातो. विलेम आइंटहोवेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे तंत्र वापरण्याजोगे केले. १९२४ चे नोबेल त्यांना त्यासाठी मिळाले.

गुलाबी चौकटींचा तो कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो. एक लहान चौकट म्हणजे ०.०४ सेकंद. पहिला छोटा उंचवटा म्हणजे अलिंदांतून गेलेली लाट. मग सपाट रेघ दिसते : अलिंद आणि निलय (खालचा कप्पा) यांच्यामधल्या गाठीत लाट सुमारे दशांश सेकंद रेंगाळते, तेवढ्यात वरचे रक्त खाली उतरते. ही गाठ जपानी शास्त्रज्ञ सुनाओ तवारा यांनी १९०६ मध्ये उलगडली. गाठीतून सेकंदाला जेमतेम पाच सेंटिमीटर चालणारी लाट पुढे पर्किंजे तंतूंत सेकंदाला दोन ते चार मीटर धावते. म्हणून निलयाचा उंच सुळका कागदावर तीन लहान चौकटींच्या आतच संपतो. शेवटचा गोलसर उंचवटा म्हणजे पोटॅशियम बाहेर पडून पेशी पूर्ववत होण्याचा काळ.

‘पट्टी नॉर्मल आली, म्हणजे हृदयाला काही नाही’ हा समज मात्र भीतीपेक्षाही घातक. ईसीजी त्या काही सेकंदांची नोंद असते. रक्तवाहिनी अरुंद झालेली असूनही विश्रांतीतला ईसीजी नॉर्मल येऊ शकतो. हृदयविकाराच्या झटक्यातही पहिला ईसीजी कधीकधी निर्णायक नसतो. म्हणून छातीत दुखणे चालू असेल तर तो पुन्हा पुन्हा काढतात.

गैरसमज : केळे हृदयाला चांगले, मग जितकी खावीत तितकी बरी

आणि याचाच जुळा भाऊ : केळ्यांत पोटॅशियम असते, जास्त खाल्ली तर हृदय बंद पडते. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या पट्ट्यातल्या माणसाला दोन्ही ऐकावे लागतात. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. केळीच्या झाडाला पोटॅश किती लागतो, हे इथल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. म्युरेट ऑफ पोटॅश हे खत मुख्यतः पोटॅशियम क्लोराइड असते, आणि रुग्णालयात पोटॅशियम वाढवायला सलाइनमधून दिले जाते तेही रसायन हेच, अर्थात औषधाच्या शुद्धतेचे.

मध्यम आकाराच्या एका केळ्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. प्रौढ माणसाला दिवसाला निदान ३,५०० मिलिग्रॅम मिळावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे एक केळे गरजेचा साधारण नववा भागच भागवते. बटाटा, तुरीची डाळ, पालेभाज्या यांतही ते भरपूर असते. केळे एकटेच पोटॅशियमचे भांडार नव्हे.

पण दुसरी बाजू अशी. शरीरातले ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असते. रक्त आणि पेशींबाहेरचे सगळे पाणी मिळून त्यात ते अवघे सव्वादोन-अडीच ग्रॅम, म्हणजे साधारण सहा केळ्यांत मावेल एवढेच. उपवासाच्या दिवशी कुणी सहा केळी खाल्ली आणि ते सगळे पोटॅशियम पेशींबाहेरच राहिले, तर लिटरमागे ४ चा आकडा ८ वर जाईल आणि हृदय थांबू शकेल. तसे होत नाही, कारण जेवणानंतर स्रवलेले इन्शुलिन पोटॅशियमला लगेच पेशींत ढकलते आणि पुढच्या काही तासांत मूत्रपिंडे जास्तीचे लघवीवाटे काढून टाकतात. धडधाकट मूत्रपिंडाच्या माणसाला केळ्यांची भीती बाळगण्याचे कारण नाही.

मूत्रपिंडे निकामी होत आलेल्या माणसाची गोष्ट वेगळी. वर्षानुवर्षांचा मधुमेह किंवा रक्तदाब, वाढलेले क्रिएटिनिन, आठवड्याला दोन-तीन वेळा डायलिसिस, अशा रुग्णाच्या शरीरातून पोटॅशियम बाहेर पडायला वाटच उरत नाही. डायलिसिसचा एखादा दिवस चुकला आणि घरात केळी, नारळपाणी, फळांचे रस चालू असले, तर धोका झपाट्याने वाढतो. आजाऱ्याला नारळपाणी घेऊन भेटायला जाण्याची रीत प्रेमाची आहे, पण इथे ती उलटते. रक्तदाबाच्या आणि हृदय कमजोर असल्याच्या काही गोळ्याही पोटॅशियम वाढवतात. ‘लो सोडियम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात सोडियमच्या जागी बऱ्याचदा पोटॅशियम क्लोराइडच घातलेले असते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून देण्याचा सल्ला अशा रुग्णांना देतात तो उगाच नाही. पोटॅशियम पाण्यात उतरते.

बाहेरचे पोटॅशियम वाढले की नेमके काय बिघडते? आत-बाहेरचा फरक कमी होतो, पेशीची ऋण बाजू उणे ९० वरून वर सरकते, आणि सोडियमची बरीच दारे मिटलेल्या अवस्थेतच अडकून पडतात. लाट रेंगाळू लागते. ईसीजीवर आधी शेवटचा उंचवटा तंबूसारखा टोकदार होतो, मग निलयाचा सुळका रुंद होत जातो, आणि शेवटी सगळ्याची एकच हेलकावणारी रेघ उरते. रक्तातली निरोगी पातळी ३.५ ते ५ मिलिमोल. साडेसहाच्या पुढे डॉक्टर एक मिनिट वाया घालवत नाहीत. आधी शिरेतून कॅल्शियम देतात. ते पोटॅशियम कमी करत नाही, पण पेशींना काही काळ सावरून धरते. मग इन्शुलिन आणि ग्लुकोज, आणि गरज असेल तर डायलिसिस. क्रूर वाटावी अशी गोष्ट म्हणजे रुग्णाला तोवर फक्त थोडी अशक्तता जाणवत असते, किंवा काहीच नाही.

याच गुणधर्माचा उपयोग शल्यचिकित्सक रोज करतात. ओपन हार्ट शस्त्रक्रियेत हृदय स्थिर हवे असते, तेव्हा त्यात पोटॅशियम जास्त असलेले थंड द्रावण सोडून ते मुद्दाम थांबवले जाते. काम झाल्यावर रक्त पुन्हा सुरू केले की द्रावण धुऊन निघते आणि ठोके परततात.

गैरसमज : उन्हात मीठ-साखरेचे पाणी पुरते, क्षार भरून निघतात

‘सोडियम कमी झालं म्हणून ॲडमिट केलं’ हे वाक्य उन्हाळ्यात घरोघरी ऐकू येते. घामातून मुख्यतः सोडियम जाते, पोटॅशियम थोडे. सोडियम फार खाली गेले तर त्रास प्रामुख्याने मेंदूला होतो : गुंगी, असंबद्ध बोलणे, झटके. हृदयाचा ताल बिघडवण्यात पोटॅशियम कितीतरी पुढे असते, आणि ते उलट्या-जुलाबांत, तसेच लघवीच्या गोळ्यांमुळे कमी होते. तेव्हा अवेळी ठोके पडतात, धडधडते, आणि आधीच हृदयविकार असलेल्या माणसात हे प्राणघातक ठरू शकते.

मीठ-साखरेच्या पाण्यात पोटॅशियम जवळपास नसतेच. ओआरएसच्या पाकिटात असते : २००२ पासूनच्या प्रमाणित सूत्रात लिटरमागे सोडियम ७५ आणि पोटॅशियम २० मिलिमोल. पाकीट पूर्ण, आणि त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच टाकायचे असते. ग्लासभर पाण्यात चिमूटभर टाकून ते प्रमाण जुळत नाही. पाकीट हाताशी नसेल तोवर घरचे पाणी जरूर द्यावे, ते कमी असले तरी निरुपयोगी नाही.

गैरसमज : झाडपाल्याने हृदयाला अपाय होत नाही

देवाला वाहिल्या जाणाऱ्या कण्हेरीत आणि कुंपणाच्या पिवळ्या कण्हेरीत, म्हणजे बिट्टीत, सोडियम-पोटॅशियम पंप बंद पाडणारी द्रव्ये असतात. विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये ज्या फॉक्सग्लोव्ह वनस्पतीवर लिहिले, तिच्या भावंड-वनस्पतीपासून मिळणारे डिगॉक्सिन याच गटातले. डिगॉक्सिन काटेकोर मापात औषध आहे. कण्हेरीला मापच नाही. लहान मुलाने बिट्टीची बी चघळली असेल, तर लक्षणांची वाट न पाहता ईसीजीची सोय असलेले रुग्णालय गाठावे.

गैरसमज : हार्ट अटॅक म्हणजे हृदय बंद पडणे, आणि सरळ रेघेला शॉक दिला की ते सुरू होते

झटक्यात रक्तवाहिनी बंद होते, हृदय नव्हे. ते चालूच असते, माणूस बोलतही असतो. मात्र रक्त न मिळालेल्या भागात पंप थकतात, तिथले पोटॅशियम बाहेर साचते, लाटा वेड्यावाकड्या फिरू लागतात आणि निलय नुसते थरथरते. हे झाले हृदय बंद पडणे. शॉक उपयोगी पडतो तो या थरथरीला : सगळ्या पेशी एकदम एका अवस्थेत येतात आणि मूळ पेशीपुंजाला पुन्हा ताल धरायची संधी मिळते. सरळ रेघेत थांबवायला काही उरलेलेच नसते. चित्रपटांनी हे पक्के उलटे शिकवले आहे. सरळ रेघ असताना छातीवर दाब आणि ॲड्रेनलिन हाच मार्ग.

गैरसमज : करंट लागलेल्या माणसाला मातीत पुरले की करंट उतरतो

ओल्या मातीत किंवा शेणात पुरण्याचा हा प्रकार खेड्यांत अजून ऐकू येतो, आणि त्यात वाचू शकणारी माणसे जातात. शरीरात करंट साठत नाही. तारेपासून सुटका झाली त्या क्षणी तो संपलेला असतो. उरते ते त्याने बिघडवलेले हृदय.

रात्रीच्या लाइटला मोटार चालू करायला गेलेला शेतकरी ओल्या पायांनी स्टार्टरला हात लावतो, किंवा डीपीवर फ्यूज टाकायला जातो. कोरडी त्वचा करंटला बरीच अडवते, ओली फारशी नाही. शरीराचा रोध हजार ओहम धरला तर २३० व्होल्टला २३० मिलिॲम्पिअर वाहतात. ठोक्यापेक्षा जास्त वेळ वाहिलेले ५० मिलिॲम्पिअरही निलयाला थरथर लावू शकतात. घरगुती वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. पेशी पूर्ववत होत असतानाचा जो नाजूक क्षण प्रत्येक ठोक्यात येतो, तो या माऱ्यातून चुकणे अवघड असते.

आधी मेन स्विच बंद करायचा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने तार दूर करायची, पण हे घरगुती जोडणीपुरतेच. डीपी किंवा वरच्या मोठ्या तारेजवळ पुरवठा बंद झाल्याशिवाय जाऊच नये. माणूस बेशुद्ध असेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर १०८ ला फोन लावून लगेच छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाब द्यायचे, मिनिटाला १०० ते १२०, पाच-सहा सेंटिमीटर खोल, रुग्णवाहिका येईपर्यंत. दाब आणि शॉक दोन्ही न मिळता गेलेले प्रत्येक मिनिट वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी कमी करते. माती उकरण्यात तेवढी मिनिटे सहज निघून जातात.

करंट लागूनही उठून बसलेल्या माणसाचा ईसीजी काढून घ्यावा. जास्त दाबाच्या तारेने भाजला असेल, तर त्वचेवरचा डाग लहान दिसला तरी आतला स्नायू होरपळलेला असतो. फुटलेल्या पेशींतले पोटॅशियम पुढच्या काही तासांत रक्तात उतरते, म्हणून रुग्णालयात अशा रुग्णाचे पोटॅशियम आणि लघवीचा रंग पुन्हा पुन्हा तपासतात.